लो-कार्ब डाएट सुरू केलं आणि पायात गोळे येऊ लागले? सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमचं गणित समजून घ्या

भात बंद, पोळी बंद, साखर बंद. पहिल्या आठवड्यात वजनकाट्यावर दोन किलो कमी दिसतात, स्टेटसला फोटो जातो. आणि मग एका रात्री अडीचच्या सुमाराला पोटरीत असा गोळा येतो की माणूस ओरडत उठून बसतो. दुसऱ्या दिवशी फोनवर शोध सुरू होतो. एक रील सांगतं, ‘मीठ वाढवा.’ दुसरं सांगतं, ‘मॅग्नेशियमची गोळी घ्या.’ तिसरं सांगतं, ‘रोज चार लिटर पाणी प्या.’

यातला प्रत्येक सल्ला कुणासाठी तरी बरोबर असतो आणि कुणासाठी तरी धोक्याचा. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतली दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. दोघंही काल्पनिक आहेत, पण अशी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात. एक जण २८ वर्षांचा, कापडाच्या दुकानात सेल्समन, दिवसाचे दहा तास उभा, तब्येत ठणठणीत. दुसरे ५८ वर्षांचे काका, त्याच रांगेत त्यांचं भांड्यांचं दुकान. काकांना बीपी आणि शुगर, दोन्हींच्या गोळ्या रोज चालू. दोघांनी एकाच महिन्यात लो-कार्ब सुरू केलं. इमरतीच्या कढईवरून दोघंही मान वळवून जातात. दोघांच्याही पोटरीत रात्री गोळे येतात. दोघांसाठी उत्तर एकच असेल का? लेखाच्या शेवटी पुन्हा त्यांच्याकडे येऊ.

पायात गोळा येतो म्हणजे नेमकं काय होतं?

कुणी पेटका म्हणतं, कुणी वांब, कुणी गोळा. तिन्हींचा अर्थ एकच. स्नायू आपल्या इच्छेशिवाय अचानक आखडतो आणि काही सेकंद ते काही मिनिटं सुटतच नाही. हात लावला तर पोटरी दगडासारखी लागते. सुटल्यावरही ठणका राहतो, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत.

स्नायू आखडतो तो मज्जातंतूकडून येणाऱ्या विजेच्या संदेशामुळे. हा संदेश चालतो सोडियम आणि पोटॅशियमच्या कणांवर. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त असतं, आत पोटॅशियम जास्त असतं. या फरकामुळेच वीज तयार होते. कॅल्शियम स्नायूला आखडायला लावतं आणि मॅग्नेशियम त्याला सैल व्हायला मदत करतं. या क्षारांचं प्रमाण बिघडलं की मज्जातंतू चिडचिडे होतात आणि नको तेव्हा संदेश सोडतात.

पण पेटके फक्त क्षारांमुळे येत नाहीत. थकलेला स्नायू, दिवसभर उभं राहणं, वाढतं वय, गरोदरपण, काही औषधं, मधुमेहात नसांवर झालेला परिणाम, थायरॉइड, किडनीचे आजार, ही सगळी कारणं असू शकतात. अनेकदा ठोस कारण सापडतही नाही.

लो-कार्बचा आणि पेटक्यांचा खरंच संबंध आहे?

आहे, आणि तो अभ्यासात दिसलेला आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली १२० जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना अतिशय कमी कर्बोदकांचा आहार दिला, निम्म्यांना कमी चरबीचा. २४ आठवड्यांत कमी कर्बोदकांच्या गटातल्या ३५ टक्के लोकांनी पेटके येत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७ टक्के होतं. डोकेदुखी आणि बद्धकोष्ठताही पहिल्या गटात जास्त होती. त्याच अभ्यासात वजन मात्र याच गटाचं जास्त उतरलं. म्हणजे फायदा आणि त्रास, दोन्ही खरे.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी ठळक होतो, कारण आपलं ताटच कर्बोदकांवर उभं आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या २०२५ मधल्या विश्लेषणानुसार भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते. तिथून एकदम २० टक्क्यांच्या खाली उडी मारली, तर शरीराला मोठा बदल एका आठवड्यात पचवावा लागतो.

एक खुलासा. महाराष्ट्रात ‘डाएट’ म्हटलं की अनेकांना डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर आधारलेली, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी लोकप्रिय केलेली दोन वेळा जेवणाची पद्धत आठवते. ती मुळात लो-कार्ब नाही. तिचा भर किती वेळा खायचं यावर आहे. पण बरेच जण दोन वेळा जेवण आणि भात-पोळी बंद, असं दोन्ही एकत्र करतात. त्यांना हा लेख लागू होतो.

शरीरातून मीठ जातं कसं?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. पायऱ्या अशा आहेत:

१. भात, पोळी, साखर कमी झाली की रक्तातलं इन्सुलिन खाली येतं. इन्सुलिनचं काम फक्त साखरेपुरतं नसतं. ते किडनीला सोडियम धरून ठेवायलाही सांगतं. इन्सुलिन घटलं की किडनी जास्त सोडियम लघवीतून सोडते.

२. यकृत आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा संपतो तसं हे पाणीही बाहेर पडतं. पहिल्या आठवड्यात उतरलेल्या ‘दोन किलो’तला मोठा वाटा चरबीचा नसतो, या पाण्याचा असतो.

३. कर्बोदकं फारच कमी केली तर शरीरात कीटोन तयार होतात. ते लघवीतून जाताना सोबत आणखी थोडं सोडियम घेऊन जातात.

४. सोडियम कमी होतंय हे कळल्यावर शरीर अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढवतं. ते सोडियम वाचवतं, पण त्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकतं. म्हणजे मीठ कमी पडलं की पोटॅशियमही मागोमाग जातं.

हा निचरा पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वात जास्त असतो. म्हणून चक्कर, डोकेदुखी, गळून गेल्यासारखं वाटणं आणि पेटके याच काळात जास्त दिसतात. याला ‘कीटो फ्लू’ म्हणतात, पण त्याचा तापाच्या फ्लूशी काही संबंध नाही.

यात भर पडते ती खाण्यातल्या मिठाची. पोहे, चिवडा, पापड, फरसाण, बिस्किटं, ब्रेड बंद झाले की त्यातलं लपलेलं मीठही बंद होतं. एरवी ही चांगली गोष्ट. पण शरीर सोडियम बाहेर टाकत असतानाच आवकही घटते.

आणि उन्हाळा?

एप्रिल-मेमध्ये संभाजीनगरचा पारा ४० च्या वर जातो. पैठण गेट ते गुलमंडी दुपारी चालून बघा, शर्ट ओला होतो. घामातून पाण्यासोबत मीठही जातं. त्यावर नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं.

हे शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं. १९२० च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींत कामगारांना पेटके यायचे, तेव्हा पिण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातल्यावर फरक पडला. १९३० च्या दशकात अमेरिकेत हूवर धरणाच्या वाळवंटी उष्णतेतल्या कामगारांबाबतही हार्वर्डच्या संशोधकांना हेच आढळलं. म्हणजे घाम आणि साधं पाणी यांच्या जोडीला मीठही लागतं.

‘रोज चार लिटर पाणी’ हा सल्ला म्हणूनच सगळ्यांना लागू होत नाही. तहान लागेल तसं प्या, लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्या. पाण्यासारखी पांढरी लघवी हे ध्येय नाही.

भाकरी सोडली की मॅग्नेशियमही सुटतं

ही गोष्ट बहुतेक रील्समध्ये येत नाही, कारण त्यांतला लो-कार्बचा नमुना पाश्चात्त्य असतो. तिथे माणूस पांढरा ब्रेड सोडतो. मराठवाड्यात माणूस ज्वारीची भाकरी सोडतो.

फरक मोठा आहे. मैदा किंवा पांढऱ्या तांदळात मॅग्नेशियम फार कमी, १०० ग्रॅममागे साधारण २० ते ३० मिलिग्रॅम. ज्वारीत मात्र १०० ग्रॅममागे सव्वाशे मिलिग्रॅमच्या वर. बाजरीही त्याच आसपास. डाळीही मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचा चांगला स्रोत. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३०० ते ४५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं. म्हणजे दोन-तीन भाकरी आणि वाटीभर वरण सोडणारा माणूस निम्म्याच्या आसपास मॅग्नेशियम ताटातूनच काढून टाकतो. त्या जागी फक्त पनीर, अंडी आणि चिकन आलं तर ते भरून निघत नाही.

सुदैवाने भरपाई आपल्याच स्वयंपाकघरात आहे:

- भोपळ्याच्या बिया: मूठभर, म्हणजे ३० ग्रॅममध्ये सुमारे १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम.
- तीळ आणि जवस: १०० ग्रॅममागे साडेतीनशेच्या आसपास. जवसाची किंवा तिळाची कोरडी चटणी दोन चमचे घेतली तरी ३५ ते ५० मिलिग्रॅम मिळतं.
- शेंगदाणे: ३० ग्रॅममध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम.
- बदाम: दहा-बारा दाण्यांत सुमारे ३० ते ४० मिलिग्रॅम.
- पालक, चुका, चाकवत, अंबाडी, शेपू: मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही, कर्बोदकं कमी.

पोटॅशियमसाठी केळं आठवतं, पण लो-कार्बमध्ये ते बसत नाही. पालेभाज्या, टोमॅटो, दुधी, मशरूम, दही, मासे यांतून ते मिळतं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण सोडियम कमी आणि थोडी साखरही असते. म्हणून ते मिठाची जागा घेऊ शकत नाही.

मीठ किती?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक लहान चमचा. त्यात सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम येतं. आपल्याकडे बहुतेक लोक याहून जास्तच खातात. त्यामुळे ‘मीठ वाढवा’ हा सल्ला सरसकट देता येत नाही.

तब्येत चांगली असलेल्या, बीपी-किडनी-हृदयाचा त्रास नसलेल्या तरुण माणसाला पहिल्या दोन आठवड्यांत चक्कर आणि पेटके येत असतील, तर एक-दोन ग्लास पातळ ताक चिमूटभर मीठ घालून, किंवा वाटीभर खारट सूप किंवा मटणाचा रस्सा, एवढ्याने बऱ्याचदा फरक पडतो. पाव चमचा मिठात साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम असतं हे लक्षात ठेवा. त्रास थांबला की हे वरचं मीठही थांबवायचं.

सैंधव मीठ वेगळं काही करतं का? नाही. तेही जवळजवळ पूर्ण सोडियम क्लोराइडच. त्यातलं मॅग्नेशियम नगण्य असतं. शिवाय ते बहुतेक वेळा आयोडीनयुक्त नसतं.

‘लो-सोडियम’ मीठ? त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. काहींना ते चांगलं, पण किडनीचा आजार असलेल्यांसाठी धोकादायक. कारण खाली दिलं आहे.

ओआरएस? जुलाब-उलट्यांमध्ये ते जीव वाचवतं. पण एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, ते उगाच घातलेलं नसतं. आतड्यात सोडियम शोषलं जायला साखरेची मदत लागते. रोजचं पेय म्हणून ते बनलेलं नाही. आणि दुकानातल्या गोड ‘इलेक्ट्रोलाइट’ पेयांना ओआरएस समजू नका. ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच गोंधळामुळे.

मॅग्नेशियमच्या गोळ्या चालतात का?

इथे थोडी निराशा आहे. कॉक्रेन या संस्थेने पेटक्यांसाठी मॅग्नेशियमवर झालेले प्रयोग एकत्र तपासले. २०२० च्या अद्ययावत आढाव्याचा निष्कर्ष असा, की वयस्कर लोकांच्या रात्रीच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमच्या गोळीने लक्षात येण्यासारखा फायदा होण्याची शक्यता कमी. लो-कार्बवर असलेल्यांचा हा वेगळा गट नव्हता. त्यामुळे खरंच कमतरता असेल तर गोळीचा उपयोग होऊ शकतो. पण ‘पेटका म्हणजे मॅग्नेशियम कमी’ हे समीकरण बरोबर नाही.

रक्ततपासणीने कळेल का? अंशतः. शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी १ टक्क्याहून कमी रक्तात असतं. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असूनही साठा कमी असू शकतो. गोळी घेतलीच तर जास्त मात्रेने जुलाब होतात, आणि किडनी कमजोर असेल तर मॅग्नेशियम रक्तात साचतं.

जुनं क्विनाइनचं औषधही कुणी सुचवलं तर घेऊ नका. गंभीर दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी पेटक्यांसाठी त्याच्या वापराविरुद्ध स्पष्ट इशारा दिलेला आहे.

गोळा आला, आत्ता काय करू?

- पाय सरळ करा आणि पंजा आपल्याकडे ओढा. हात पोचत नसेल तर टॉवेल पंजाला अडकवून ओढा. झटका देऊ नका, धरून ठेवा.
- उभं राहता येत असेल तर टाच जमिनीला टेकवून भिंतीवर हात ठेवा आणि पुढे झुका.
- सुटल्यावर पोटरी हलक्या हाताने चोळा, गरम पाण्याची पिशवी ठेवा.
- झोपण्याआधी पोटरी आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना तीन-तीन वेळा ताण द्या. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरच्या ८० जणांवर झालेल्या प्रयोगात सहा आठवडे असं केल्यावर रात्रीचे पेटके कमी झाले होते. फुकटचा उपाय आहे.

लोणच्याच्या पाण्याचं काय? २०१० च्या एका लहान अमेरिकन प्रयोगात काकडीच्या लोणच्याचं खारट-आंबट पाणी प्यायल्यावर पेटका साध्या पाण्यापेक्षा लवकर, साधारण दीड मिनिटात सुटला. एवढ्या वेळात मीठ रक्तात पोचतच नाही. म्हणजे घशातल्या नसांना बसलेल्या आंबट झटक्याने काम केलं असावं. आपलं आंब्याचं लोणचं वेगळं, तेलातलं. त्याची बरणी उशाशी ठेवायची गरज नाही!

आता काकांकडे वळू

२८ वर्षांच्या सेल्समनचं उत्तर सोपं आहे: मीठ घातलेलं ताक, पालेभाजी, मूठभर बिया, झोपण्याआधी ताण. शक्य असेल तर कर्बोदकं एकदम शून्यावर न नेता हळूहळू कमी करायची, आणि दिवसातून एक भाकरी ठेवायची.

काकांनी हेच केलं तर? इथे थांबायला हवं.

बीपीच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गटांतल्या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. स्पायरोनोलॅक्टोनही तेच करते. त्यावर लो-सोडियम मीठ किंवा पोटॅशियमची पावडर घेतली, आणि मधुमेहाने किडनी आधीच थोडी कमजोर असली, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. याची आधी काही चाहूल लागेलच असं नाही.

उलट, बीपीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. ते सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही बाहेर काढतं. लो-कार्बही सोडियम बाहेर काढतं. वर कुणी चार लिटर पाण्याचा नेम धरला, तर सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. वयस्कर माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो, तोल जातो, आणि घरच्यांना वाटतं की वयामुळे असेल.

शुगरच्या गोळ्यांचं आणखी वेगळं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक भात-पोळी बंद केली तर शुगर एकदम खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाच्या गोळ्या आता स्वस्त झाल्याने खूप लोक घेतात. त्यांच्यासोबत अतिशय कमी कर्बोदकं खाल्ली तर कीटोअॅसिडोसिस हा जीवघेणा प्रकार होऊ शकतो, तोही शुगरचं रीडिंग फारसं वाढलेलं नसताना. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणं. मीटरवर आकडा बरा दिसतो म्हणून घरी बसू नका.

लो-कार्बने वजन उतरलं की बीपीही उतरतं. मग जुनीच गोळी जास्त पडते आणि उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते. म्हणजे काकांच्या पेटक्यांवर उत्तर मीठ नसून औषधांचं गणित पुन्हा मांडणं हे असू शकतं. ते काम डॉक्टरांचं. डाएट सुरू करण्याआधी सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन त्यांच्याकडे जायचं, आणि सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घ्यायचं. मनाने कुठलीच गोळी बंद करायची नाही.

हे दिसलं तर थांबू नका

- एकाच पायाला सूज, लाली, गरमपणा: रक्ताची गुठळी असू शकते.
- चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की बरं वाटतं: रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते.
- लघवी चहासारखी गडद आणि अंगात प्रचंड अशक्तपणा.
- छातीत धडधड, बेशुद्ध पडणं, बोलण्यात गोंधळ.
- कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून सगळे स्नायू दुखणं.
- तीन-चार आठवड्यांनंतरही रोज येणारे पेटके.

यातल्या धडधड, गोंधळ, बेशुद्धी, एका पायाची सूज आणि गडद लघवी या लक्षणांसाठी सकाळची वाट बघायची नाही. घाटी असो की जवळचं कुठलंही रुग्णालय, थेट जायचं.

थोडक्यात

लो-कार्बमध्ये पेटके येतात कारण इन्सुलिन उतरतं आणि किडनी मीठ सोडते, पोटॅशियम मागोमाग जातं, आणि भाकरी-डाळीसोबत मॅग्नेशियमही ताटातून जातं. तब्येत चांगली असेल तर ताक, पालेभाजी, बिया आणि पोटरीचा ताण यांनी दोन-तीन आठवड्यांत बहुधा फरक पडतो. बीपी, शुगर, किडनी किंवा हृदयाचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टर, मग डाएट.

घरच्या ग्रुपवर ‘मीठ वाढवा’ असं रील आलं असेल, तर ते पुढे पाठवण्याआधी एवढंच बघा: त्या ग्रुपवर रोज गोळ्या घेणारे काका-काकू किती आहेत.